शेवटचे नऊ फूट

गळाने मासे धरणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही: फेकायला वजन लागतं. गळाशेजारी शिसं बांधायचं आणि हात लांब करून भिरकावायचं, दोरा आपसूक मागून जातो. कोकणातल्या खाडीवर तंगूस आणि गरी घेऊन गरवायला बसलेला शाळकरी मुलगाही हेच करतो. फ्लाय फिशिंगमध्ये मात्र फेकण्याजोगं काही नसतंच. बारीकशा गळावर पीस, केस आणि रेशमाचा धागा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी जेमतेम एका ग्रॅमच्या काही शतांश भागाइतकी भरते. ती नुसती भिरकावली तर पायाशीच पडेल. म्हणून इथे वजन दोऱ्यातच घातलेलं असतं. प्लास्टिकचं आवरण असलेली जाड, रंगीत फ्लाय लाइन काठीच्या लवचिकतेवर मागे-पुढे झुलवायची, हवेत तिचा लांबट फास तयार करायचा. तो फास उलगडत पुढे जातो आणि माशीला सोबत नेतो. ट्राउट माशासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ५ नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम असतं. तेवढ्यावर सगळा खेळ चालतो.

अडचण शेवटाला येते. लाइनचं टोक जवळपास १ मिलिमीटर जाड असतं. छोट्या गळाच्या नेढ्यातून ते जाणार नाही. गेलं तरी पाण्यावर सपकन आपटेल आणि आसपासचा प्रत्येक ट्राउट दगडाखाली पळेल. लाइन आणि माशी यांच्यामध्ये जो पारदर्शक दोरा बांधतात त्याला लीडर म्हणतात. बहुधा तो नऊ फुटांचा असतो. लाइनकडचा त्याचा बुंधा जाड, माशीकडचं टोक केसासारखं. दुकानात तो गुंडाळी करून, पाकिटात घालून विकायला ठेवलेला असतो, आणि नवशिके पुष्कळदा काठी, रीळ आणि माश्यांवर पैसे खर्चून झाल्यावर हाताला येईल ते पाकीट उचलतात. तिथेच त्यांचा पुढचा दिवस बिघडतो. महागडी काठी वाईट लीडरला वाचवू शकत नाही; चांगला लीडर मात्र साध्या काठीतूनही माशी नेमकी उतरवतो.

या दोऱ्याला निमुळतं का व्हावं लागतं, हे पोतराजाचा आसूड पाहिलेल्या माणसाला चटकन कळेल. आसूड मुठीशी जाड आणि टोकाला बारीक असतो. हाताने दिलेली ऊर्जा पुढे सरकते तसतसं तिला हलवायला कमी कमी वस्तुमान उरतं, त्यामुळे वेग वाढत जातो आणि टोक आवाजाच्या वेगापलीकडे गेलं की कडाका ऐकू येतो. फ्लाय लाइनमध्येही ऊर्जा अशीच पुढे सरकते, फक्त इथे कडाका नको असतो. ऊर्जा माशीपर्यंत पोचावी, ती उलटवून पुढे टाकावी आणि तिथेच संपावी, एवढंच अपेक्षित असतं. नऊ फुटी, ५ एक्स मापाच्या (या मापाचा अर्थ पुढे येईल) नेहमीच्या लीडरचा बुंधा सुमारे ०.५३ मिलिमीटर आणि टोक ०.१५ मिलिमीटर असतं. जाडीतला हा फरक साडेतीन पटींचा. पण वजन जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतं, म्हणून बुंध्याचा एक सेंटिमीटर टोकाच्या एका सेंटिमीटरपेक्षा बारा पटींहून जड भरतो. एवढी उतरण एका झटक्यात आली तर दोरा तिथे बिजागरीवर दुमडल्यासारखा कोसळतो आणि माशी लाइनच्याच डोक्यावर गोळा होऊन पडते. उतरण आलीच नाही, म्हणजे सगळा दोरा जाडच राहिला, तर माशी धपकन आदळते. म्हणून बुंध्याची जाडी लाइनच्या टोकाच्या साधारण निम्मी ते दोन तृतीयांश ठेवायची आणि तिथून हळूहळू उतरत जायचं, अशी रीत पडली.

ही उतरण नायलॉनच्या फार आधीची आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली विंकिन द वर्डे याने छापलेल्या गळविद्येच्या ग्रंथात घोड्याच्या शेपटीच्या केसांचा दोरा कसा वळावा, त्याला रंग कसा द्यावा आणि कोणत्या माशासाठी किती केस घ्यावेत हे सविस्तर दिलं आहे. पुढच्या काळात काठीकडे अनेक केसांचा पीळ आणि माशीकडे कमी होत होत दोन-एक केस, अशी रचना रुळली. जपानच्या डोंगराळ भागातल्या तेनकारा पद्धतीत तर रीळच नसतं. काठीच्या टोकालाच पीळ दिलेला निमुळता दोरा बांधायचा, आणि तोही परंपरेने घोड्याच्या केसांचाच. लंडनचा दैनंदिनीकार सॅम्युअल पीप्स याने मार्च १६६७ मध्ये एका ओळखीच्या वादकाकडून ऐकलेला प्रयोग टिपून ठेवला आहे: वाद्याची बारीक आतड्याची तार वार्निश लावून गळासाठी वापरायची, म्हणजे ती पाण्याने फुगत नाही. केसापेक्षा बारीक आणि बळकट काहीतरी हवं, ही गरज तेव्हापासूनच जाणवत होती.

ती गरज भागवली स्पेनमधल्या मुर्सिया प्रांताने. तिथे रेशीमउद्योग जुना. कोश विणायला तयार झालेला रेशमाचा किडा व्हिनेगरमध्ये टाकून मारायचे, त्याच्या पोटातल्या दोन रेशीमग्रंथी बाहेर काढायच्या आणि दोन्ही हातांनी झटकन ताणायच्या. ज्या द्रवाचा हजारो फूट सूक्ष्म धागा झाला असता, त्याचा एकच जाडसर, चिवट, पारदर्शक तंतू तयार व्हायचा. लांबी जेमतेम फूट-दीड फूट. वरचं पिवळं आवरण साबणाच्या पाण्यात उकळून काढायचं, वाळवायचं, मग जाडीनुसार निवडून जुड्या बांधायच्या. मराना, पाद्रोन, रेग्युलार, फिना, रेफिना ही त्या प्रतींची नावं इंग्लंडमधल्या गळवाल्यांच्या तोंडी बसली होती. याच तंतूने शल्यचिकित्सक जखमा शिवत.

तंतू आखूड, म्हणून नऊ फुटांच्या लीडरसाठी अनेक तुकडे गाठींनी जोडावे लागत: जाड तुकडा आधी, मग त्याहून बारीक, मग त्याहून. निमुळतेपणा गाठीगाठीने यायचा. सर्वांत बारीक तुकड्यांसाठी तंतू पोलादी पट्टीतल्या भोकातून ओढून काढत. एकदा ओढलेला १ एक्स, आणखी बारीक केलेला २ एक्स, असे आकडे चढत गेले. आज भोकं गेली, तंतू गेला, आकडे मात्र तसेच राहिले. म्हणूनच आकडा वाढतो आणि जाडी घटते. हिशोब सोपा आहे: अकरामधून एक्सचा आकडा वजा करायचा, उत्तर येईल तितके हजारांश इंच जाडी. ५ एक्स म्हणजे ६ हजारांश इंच, ३ एक्स म्हणजे ८.

रेशीमतंतूची एक मोठी अट होती. कोरडा असताना तो ठिसूळ असे, वाकवला तर मोडे. मासेमारीला निघण्याआधी तो भिजवून मऊ करावा लागायचा. लोक ओलसर फेल्टच्या चकत्यांमध्ये लीडर ठेवलेली चपटी धातूची डबी खिशात घेऊन फिरत. हॅम्पशायरमधल्या टेस्ट नदीवर कोरड्या, तरंगत्या माशीची पद्धत फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी शास्त्रशुद्ध मांडली आणि इचन नदीवर जी. ई. एम. स्क्यूज यांनी पाण्याखालच्या अळीची नक्कल पुढे आणली, तो सगळा काळ या भिजवलेल्या तंतूचा होता. चुनखडीच्या खडूतून झिरपून आलेलं तिथलं पाणी इतकं नितळ की दोऱ्याची प्रत्येक चूक मासा पाहतो. आजच्या पुष्कळ सवयी त्या पाण्यावर घडल्या.

ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटाने १९३५ मध्ये नायलॉन बनवला आणि १९३८ मध्ये कंपनीने तो जाहीर केला. सुरुवात दात घासायच्या ब्रशने झाली आणि लवकरच त्याचे गळाचे दोरेही आले. महायुद्धात नायलॉन पॅराशूटकडे वळला, पण युद्ध संपल्यावर मुर्सियाच्या धंद्याचे दिवस भरले. हवा तितका लांब, एकसारखा, भिजवायची गरज नसलेला दोरा कारखान्यातून येऊ लागला. नंतर वितळलेला नायलॉन ओढण्याचा वेग कमी-जास्त करून अखंड, बिनगाठीचा निमुळता लीडर काढण्याची युक्तीही साधली. शेवाळ आणि पाणवनस्पती गाठींना अडकत, तो त्रास गेला.

नव्या दोऱ्याने नवी खोड मात्र आणली. नायलॉन ज्या आकारात पडून राहतो तो आकार धरतो. महिनोन् महिने पाकिटात गुंडाळी होऊन राहिलेला लीडर बाहेर काढला की स्प्रिंगसारखा लोंबतो. पूर्वी भिजवण्यात जायचा तो वेळ आता ओढून सरळ करण्यात द्यावा लागतो, आणि गळवाले नेमका तोच द्यायला कंटाळतात.

वेटोळी नुसती दिसायला वाईट नसतात. माशाने माशी तोंडात घेतली की तो ती क्षणभरच धरतो. सरळ दोऱ्यातून ती हालचाल ताबडतोब लाइनच्या टोकाशी दिसते. वेटोळी असली तर आधी ती उलगडतात, तोवर मासा माशी थुंकून मोकळा होतो. ओढल्यावरही तेच, हात उचलला तरी गळ रुतण्याऐवजी स्प्रिंग ताणली जाते. शिवाय प्रत्येक वेटोळं पाण्याच्या पृष्ठभागावर टेकतं तिथे पडद्याला खळगा पडतो, आणि उन्हात त्या खळग्याची सावली नदीच्या तळावर दोऱ्याच्या कितीतरी पट रुंद दिसते. ०.१५ मिलिमीटरचा दोरा घेऊन काय उपयोग, जर त्याची सावली दोरखंडाएवढी पडत असेल?

सरळ करण्याचं काम पाकीट उघडतानाच सुरू होतं. गुंडाळीचं एक टोक धरून बाजूने ओढलं की प्रत्येक वेढ्यागणिक दोऱ्याला एक पीळ बसतो, मग गाठी पडतात. त्याऐवजी डाव्या हाताची बोटं गुंडाळीत घालून पसरायची, गुंडाळीभोवती मारलेले वेढे आधी सोडायचे आणि मग दोरा जसा गुंडाळला गेला तसाच उलट फिरवत उलगडायचा. नंतर बुंधा लाइनला जोडायचा. आता दोन हातांच्या अंतराचा तुकडा धरून सावकाश ताणायचा, काही सेकंद तसाच ठेवायचा, सोडायचा आणि पुढचा तुकडा घ्यायचा. झटका द्यायचा नाही. नायलॉन लवचिक असतो. त्याला हळूहळू लांबू दिलं तर आतल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या नव्या जागी बसतात, झटका दिला तर त्या परत जुन्या वळणावर येतात. बुंधा जाड, म्हणून त्याला जोर जास्त आणि वेळही जास्त. टोकाला हलका हात, कारण ५ एक्सचा दोरा कोरडा असतानाही सुमारे दोन किलोच्या ताणाला तुटतो.

बोटांच्या चिमटीतून किंवा दुमडलेल्या चामड्यातून दोरा ओढण्याची पद्धतही जुनी आहे. घर्षणाने ऊब येते, उबेने नायलॉन नरम होतो आणि ताणाखाली थंड होताना सरळ राहतो. इथे दोन धोके आहेत. सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा रबराची चकती घेऊन जोरात ओढणारे लोक नदीकाठी हमखास दिसतात. रबर दोऱ्याला घट्ट पकडतं, क्षणात फार उष्णता निर्माण होते आणि बारीक टोक कमकुवत होतं. दुसरा धोका असा की दोरा एखाद्या कडेवरून ओढला गेला तर त्याची एकच बाजू ताणली जाते आणि तो आधीपेक्षा जास्त कुरळा होतो. बोटांना चटका बसू लागला की वेग जास्त आहे, एवढी खूण पुरेशी आहे.

सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय म्हणजे पाणी. नायलॉन पाणी शोषतो. पाण्याचे रेणू त्याच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांची एकमेकींवरची पकड सैल करतात, त्यामुळे जो नरमपणा आणायला एरवी ऊब लागते तो गार पाण्यातही येतो. बूट चढवेपर्यंत, चहा होईपर्यंत लीडर नदीच्या पाण्यात टाकून ठेवला आणि मग ताणला, तर निम्म्या कष्टात सरळ होतो. ओला नायलॉन थोडी ताकद गमावतो, पण मासेमारीत तो ओलाच असणार, तेव्हा त्या ताकदीचा हिशोब आधीच धरलेला बरा. फ्लोरोकार्बन मात्र पाणी शोषत नाही. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये बाजारात आणलेला हा दोरा अधिक ताठ, खरखरीत दगडांवर घासलं तरी टिकणारा, पाण्याच्या दीडपटीहून जड. त्याला भिजवून काही साधत नाही. हळूहळू ताणणं हाच त्याचा उपाय.

फ्लोरोकार्बन माशाला दिसत नाही, अशी जाहिरात असते. तिला थोडा आधार आहे: पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोकार्बनचा सुमारे १.४२, नायलॉनचा १.५च्या वर. पण पाण्याच्या जवळ जाणं म्हणजे अदृश्य होणं नव्हे, आणि तरंगत्या माशीसाठी बुडणारा दोरा कशाला? पाण्याखालच्या अळीसाठी तो उत्तम. कोरड्या माशीला साधा नायलॉनच चांगला, आणि त्याची किंमतही कमी. नायलॉनची चकाकी घालवायला इंग्लंडमधले लोक मुलतानी माती, ग्लिसरीन आणि भांडी धुण्याचं द्रावण कालवून केलेला लगदा टोकाला चोळतात. दोऱ्यावरचा तेलकटपणा निघतो आणि शेवटचे दोन-तीन फूट पृष्ठभागाच्या खाली जातात, म्हणजे ती सावलीही जाते. लगदा माशीला लागू नये, नाहीतर तीही बुडेल.

निवड करताना सुरुवात माशीपासून करावी. गळाच्या नंबराला तीनाने भागलं की टोकाचं एक्स माप येतं: १६ नंबरला ५ एक्स, १२ नंबरला ४ एक्स. लांबी पाण्यावर ठरते. झाडांनी झाकलेल्या अरुंद ओढ्यावर साडेसात फूट पुरतात, कारण तिथे जास्त दोरा उलगडायला जागाच नसते. संथ, नितळ पाण्यावर बारा फूट किंवा त्याहून जास्त लागतो. बुडत्या लाइनवर जड माशी टाकायची तर तीन-चार फूट पुरे. लांब लीडर माशीला पुन्हा वर उचलतो. रचनेबद्दल पॅरिसच्या रिट्झ हॉटेलचे शार्ल रिट्झ यांचं प्रमाण अजून सांगितलं जातं: साठ टक्के बुंधा, वीस टक्के उतरण, वीस टक्के टोक. हॉटेल सांभाळत हा माणूस काठ्यांची रचना करायचा आणि युरोपभरच्या नद्यांवर हिंडायचा. नऊ फुटांत हे प्रमाण साधारण १६५, ५५ आणि ५५ सेंटिमीटर असं बसतं, आणि वाऱ्यात माशी उलटवायला ते खरोखर चांगलं आहे.

पेनसिल्व्हेनियाच्या जॉर्ज हार्वी यांना तेच पटत नव्हतं. पेन स्टेट विद्यापीठात त्यांनी दशकानुदशकं मासेमारी शिकवली. १९४७ पासून तिथे तो रीतसर श्रेयांकाचा विषय झाला. त्यांचं निरीक्षण असं होतं की ताठ बुंध्याचा लीडर सरळ रेषेत पडतो आणि सरळ रेषा माशीला मारक ठरते. नदीचा प्रवाह सगळीकडे सारख्या वेगाने वाहत नाही. मधली धार लाइनला ओढते, लाइन लीडरला आणि लीडर माशीला. पाण्यावर खरा कीटक कधी असा ओढला जात नाही, म्हणून ट्राउट तोंड फिरवतो. हार्वी यांनी बुंधा मऊ केला, टोक लांब केलं, आणि माशी पडताना टोक नागमोडी पडेल अशी रचना केली. त्या नागमोडी सैलपणात प्रवाहाला ओढायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ माशी स्वतंत्र वाहते.

मग सरळ करण्याचा एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न नवशिक्याला पडतो, आणि या विषयाचा गाभा तिथेच आहे. वेटोळं आणि नागमोड ही दोन वेगळी वळणं आहेत. वेटोळ्यात ताण साठलेला असतो, ते स्वतःकडे खेचतं, आणि कुठे वळायचं हे पाकिटाने ठरवलेलं असतं. नागमोड सैल असते, ती हाताने घातलेली असते, प्रवाहाने हळूच काढून घ्यावी अशी. आधी दोरा पूर्ण सरळ केल्याशिवाय हवी ती नागमोड घालता येत नाही. टोक किती लांब ठेवायचं हेही कळत नाही, कारण कुरळेपणाच सगळे अंदाज चुकवतो. हार्वी टोकाची लांबी माशीनुसार बदलत जायला सांगत: नागमोड दिसली नाही तर टोक वाढवा, टोक गोळा होऊन पडलं तर कमी करा. मोजपट्टीपेक्षा हा डोळ्यांचा निकष जास्त उपयोगी आहे.

भारतात ही विद्या ट्राउटबरोबर आली. काश्मीरमध्ये १८९९ साली पाठवलेली अंडी वाटेत खराब झाली, १९०० सालची पोचली. श्रीनगरजवळच्या हारवनमध्ये मासे वाढवले गेले. १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात बियास नदीकाठी हॅचरी उभी राहिली, आणि आज तीर्थन, सैंज या नद्यांवर परवाना काढून मासेमारी होते. ट्राउट इथला मूळचा नाही, स्थानिक माशांशी तो स्पर्धा करतो, हे तिथल्या अभ्यासकांनी मांडलेलं आहे आणि ते ध्यानात ठेवायला हवं. मोठमोठ्या दगडांतून फेसाळत उतरणाऱ्या या पाण्यावर इंग्लंडचा बारा फुटी लीडर निरुपयोगी ठरतो. साडेसात ते नऊ फूट, ४ एक्स, इतकं बास.

खरं तर ४ एक्सच्या जागी ५ किंवा ६ घेण्याचा मोह टाळायला एक अधिक महत्त्वाचं कारण आहे. फार बारीक टोकावर मासा खेचता येत नाही, दमवावा लागतो. जास्त वेळ झुंजलेला मासा सोडून दिला तरी पुढे काही तासांत मरू शकतो, विशेषतः कोमट पाण्यात, जिथे प्राणवायू कमी असतो. पाणी २० अंश सेल्सिअसवर गेलं की जाणते लोक ट्राउटची मासेमारीच थांबवतात. मासा स्वीकारेल तितकं जाड टोक वापरणं, गळाचा काटा दाबून टाकणं आणि मासा पाण्याबाहेर न काढता सोडणं, हे सगळं एकाच काळजीतून येतं.

महासीर माशाच्या बाबतीत तर बारीकपणाचा प्रश्नच उरत नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या रामगंगेवर सोनेरी महासीरसाठी ० एक्स किंवा त्याहून जाड टोक बांधतात, कारण पहिल्याच धावेत मासा दोरा दगडांवरून ओढत नेतो. महाराष्ट्रालाही आपला महासीर आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून, आणि लोणावळ्याला वळवण इथे टाटा पॉवरच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याचं बीज तयार करून नद्या-तलावांत सोडलं जातं. ज्या नदीत तो पहिल्यांदा शास्त्राला माहीत झाला तिथलं आजचं पाणी पुणेकर रोज पाहतात.

जाड दोऱ्याची वेटोळी सर्वांत हट्टी असतात. रिळाचा गाभा जितका लहान तितकी ती घट्ट बसतात, म्हणून मोठ्या गाभ्याची रिळं निघाली, आणि अनेकजण लीडर रिळावर न ठेवता रुंद फोमच्या चकतीवर सैल गुंडाळतात. ऊन नायलॉनला कमजोर करतं, तेव्हा गाडीच्या काचेमागे राहिलेलं पाकीट टाकून द्यावं. हवेत आपोआप पडलेली एक साधी गाठही दोऱ्याची निम्मी ताकद घालवते. दर अर्ध्या तासाने टोकावरून बोट फिरवून ती शोधावी आणि सापडली की तेवढं टोक कापून नवं बांधावं, गाठ आवळण्याआधी ती ओली करून.

कापलेले तुकडे मात्र काठावर राहता कामा नयेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीच्या आसपास आपल्या शहरांत पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे कापले जाण्याच्या बातम्या येतात. लीडरचा तुकडा त्याच जातीचा आहे. नदीकाठच्या फांदीला अडकलेला हातभर नायलॉन धोबी पक्ष्याचा पाय वर्षानुवर्षं अडकवू शकतो, आणि फ्लोरोकार्बनवर तर उन्हाचाही परिणाम होत नाही. जॅकेटच्या एका खिशात झाकणाची छोटी डबी ठेवायची, दिवसभराचे तुकडे तिच्यात टाकायचे आणि घरी गेल्यावर बारीक कापून कचऱ्यात द्यायचे. झाडाला अडकलेली माशी काढताना दोरा तोडून निघून न जाता, गरज लागली तर फांदीपर्यंत चालत जायचं आणि दुसऱ्या कुणाचा दोरा तिथे लोंबत असेल तर तोही सोडवून आणायचा.